थरारपट आणि विज्ञानपट: काल रात्री पाहिलेल्या सिनेमाबद्दल नेहमी पडणारे प्रश्न

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही घरात जेवणं आटोपली की पहिला प्रश्न असतो, आज काय लावायचं? सिनेमा संपला की दुसरा: कळलं काय तुला? हे पान त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. 'बोअर' किंवा 'डोक्यावरून गेला' असा शेरा मिळालेले निम्मेअधिक सिनेमे तितके वाईट नसतात. ते चुकीच्या आवाजात, चुकीच्या उजेडात नाहीतर भलत्याच अपेक्षेनं पाहिलेले असतात. उरलेले खरोखरच वाईट असतात, आणि त्यांच्यावर इथे कोणी पांघरूण घालणार नाही.

थरारपट, रहस्यपट आणि भयपट यांत नेमका फरक काय?

रहस्यपटात प्रेक्षकाला पात्रांपेक्षा कमी ठाऊक असतं. थरारपटात बहुतेक वेळा जास्त ठाऊक असतं. हिचकॉकनं दिलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण अजूनही चपखल आहे. चार माणसं गप्पा मारत बसलीत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवला, की त्याच कंटाळवाण्या गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो.

गोव्यातच घडणारा हिंदी 'दृश्यम' घ्या (२०१५, दिग्दर्शक निशिकांत कामत, मूळ मल्याळम २०१३, दिग्दर्शक जीतू जोसेफ). गुन्हा कोणाच्या हातून झाला हे मध्यंतराआधीच कळतं. पुढचा सगळा वेळ 'पोलिसांना कळेल का?' यावर चालतो. म्हणून 'खुनी आधीच दाखवला, मग बघायचं काय?' ही तक्रार या सिनेमाला लागूच होत नाही. तो रहस्यपट नव्हे.

भयपटात धोका बहुधा तर्काबाहेरचा असतो. 'तुंबाड'ला (२०१८) कोणी थरारपट म्हणतं, कोणी भयपट, कोणी लोककथा. भांडण्यात अर्थ नाही. मात्र शिफारस करताना नीट सांगावं, नाहीतर पोलिसी तपास बघायच्या तयारीनं बसलेल्या मावशी विसाव्या मिनिटाला उठून झोपायला जातात.

सिनेमा डोक्यावरून गेला. चूक माझी की सिनेमाची?

आधी तीन गोष्टी तपासा, याच क्रमानं.

एक, संवाद ऐकू आले का? कोड्याच्या सिनेमात सगळा नियम एका वाक्यात सांगून टाकतात. 'इन्सेप्शन'मध्ये (२०१०) जागेपणीची पाच मिनिटं म्हणजे स्वप्नातला एक तास, हे एकदाच सहज बोललं जातं. ते वाक्य मिक्सरच्या आवाजात गेलं, तर पुढचे स्वप्नांचे मजल्यावर मजले निरर्थक वाटतात.

दोन, मध्ये किती वेळा थांबला होता? एकशे चाळीस मिनिटांचा सिनेमा तीन रात्रींत पुरा केला तर सुरुवातीचे धागे तिसऱ्या रात्री डोक्यात राहत नाहीत. तोडायचाच असेल तर एकदाच, साधारण मध्यावर तोडा, आणि पुन्हा सुरू करताना दहा मिनिटं मागून घ्या.

तीन, कथेचा क्रम उलटसुलट आहे का? असेल तर काळ ओळखायच्या खुणा शोधा: केसांची लांबी, जखम, गाडीचा रंग, भिंतीवरचं कॅलेंडर. हे काम दिग्दर्शक मुद्दाम तुमच्यासाठी करून ठेवतो.

हे तिन्ही ठीक असूनही कळलं नसेल, तर पटकथेत भोक आहे असं खुशाल म्हणा. 'प्रायमर' (२००४) मात्र वेगळा. तो अवघा ७७ मिनिटांचा, सुमारे सात हजार डॉलरांत केलेला, आणि पहिल्या खेपेला कोणालाच पुरता कळत नाही. दोनदा बघायची तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

संवाद ऐकू येत नाहीत, आणि स्फोट झाला की शेजारी उठतात. काय करावं?

हा आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. कारण साधं आहे. सिनेमाचा आवाज सहा किंवा अधिक वाटांनी येतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाटेनं. तुमच्या टीव्हीला दोनच छोटे स्पीकर, तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून. सगळं त्या दोघांत कोंबलं की संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात.

सिनेमा चालू असताना आवाजाच्या यादीत जा. '५.१' (सहा वाटांचा आवाज) निवडलेलं असेल आणि घरात साउंडबार नसेल, तर साधा स्टिरिओ पर्याय आहे का बघा आणि तो लावा. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचा पर्याय चालू करा. रात्री बघत असाल तर 'नाइट मोड'. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो, म्हणून स्फोट आणि कुजबूज जवळजवळ येतात. साउंडबारला संवादांसाठी वेगळा सेंटर (मधला) स्पीकर असेल तर तेवढाच दोनतीन पायऱ्या वाढवा. एकूण आवाज वाढवणं हा उपाय नव्हे.

टीव्ही शोकेसच्या खणात आत ढकललेला असेल तर आवाज खणातच घुमतो. पुढच्या कडेपर्यंत ओढून घ्या. एवढ्यानंही फरक पडतो, आणि खर्च शून्य.

जून ते सप्टेंबर हा वेगळाच मामला. पत्र्याच्या पडवीवर पाऊस कोसळत असताना कोणताही साउंडबार हरतो. तेव्हा सरळ सबटायटल्स लावा. ख्रिस्तोफर नोलनच्या काही सिनेमांत संवाद मुद्दाम संगीतात बुडवलेले असतात आणि त्याबद्दल जगभर तक्रारी झाल्यात. तिथे तुमच्या टीव्हीला दोष देऊ नका.

रात्रीची दृश्यं नुसती काळी दिसतात. टीव्ही खराब झाला का?

बहुधा नाही. वीज वाचवायचा पर्याय आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर, दोन्ही बंद करा. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. दुकानातला झगमगीत 'व्हिव्हिड' मोड रंग भडक करतो आणि सावलीतला तपशील खाऊन टाकतो.

स्वस्त टीव्हीवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा प्रकार) चालू झाला की चित्र उलट गडद होतं. असा सिनेमा बहुधा हजार निट (पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त उजेड गृहीत धरून तयार केलेला असतो, आणि साध्या टीव्हीची धाव तीनशेच्या आसपास. 'डायनॅमिक टोन मॅपिंग' असेल तर चालू करा, नसेल तर एचडीआर बंद केलेला बरा.

काळ्या भागात चौकोनी ठिगळं दिसत असतील तर दोष इंटरनेटचा किंवा प्लॅनचा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन ४८०पीवर थांबतो. त्यात अंधारातला पाठलाग म्हणजे शेणानं सारवलेली भिंत. एचडीसाठी ताशी सुमारे ३ जीबी, फोर-केसाठी ताशी सुमारे ७ जीबी डेटा जातो. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बसणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

आणि खोली पूर्ण काळी करू नका. टीव्हीच्या मागे, नजरेस न पडणारा एक मंद पांढरा दिवा ठेवला तर डोळे कमी शिणतात आणि काळा रंग अधिक काळा भासतो.

महागडा सिनेमा घरी मालिकेसारखा का दिसतो?

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो, म्हणून हालचाल गुळगुळीत आणि नकली दिसते. सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो' या नावानं तो पर्याय असतो. बंद करा. क्रिकेटसाठी पुन्हा चालू करायचा असेल तर वेगळ्या पिक्चर मोडमध्ये ठेवा, म्हणजे दरवेळी शोधावा लागत नाही.

डब केलेला बघावा की सबटायटल्स लावून?

घरात कोणाला वाचायला त्रास होत असेल तर डब. त्यात कमीपणा काही नाही. थरारपटाला मात्र डबिंगचा फटका जास्त बसतो, कारण खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज किंचित कापतो आणि डबिंगवाला तो कंप बहुधा गाळतो. ज्या विज्ञानपटात भाषा हाच विषय आहे, उदाहरणार्थ 'अरायव्हल' (२०१६), तो मूळ भाषेतच बघावा.

सबटायटल्सचा एक दुर्लक्षित दोष म्हणजे ती संवादाआधी उमटतात. 'खून मीच केला' ही अक्षरं पात्राचं तोंड उघडण्याआधी वाचली गेली की दोन तासांची मेहनत पाण्यात. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये बघत असाल तर 'जी' आणि 'एच' या कळांनी सबटायटल्स पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकतात. सुरुवातीला जुळलेली सबटायटल्स तासाभरात अडीच मिनिटं चुकू लागली, तर ती २५ चौकटींच्या प्रतीसाठी बनवलेली आहेत आणि तुमचा सिनेमा २४ चा आहे. अशी कितीही सरकवली तरी जुळायची नाहीत. दुसरी शोधा.

विज्ञानाच्या कोणत्या चुका माफ कराव्यात आणि कोणत्या नाहीत?

आमचा नियम असा: कथा उभी करण्यासाठी सुरुवातीला एक अशक्य गोष्ट गृहीत धरली तर माफ. शेवटच्या पंधरा मिनिटांत नायकाला वाचवण्यासाठी नवी अशक्य गोष्ट काढली तर माफी नाही.

'द मार्शियन'चं (२०१५) उदाहरण बघा. मंगळावरच्या ज्या वादळानं कथा सुरू होते, ते तसं होऊच शकत नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि घनता साधारण साठाव्या हिश्श्याची. वाऱ्याचा जोर घनतेच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून मंगळावरचा ताशी १७५ किलोमीटरचा वारा अंगाला पृथ्वीवरच्या ताशी बावीस-तेवीस किलोमीटरच्या वाऱ्याएवढाच लागेल. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर संध्याकाळी टोपी उडवतो तेवढा. यान काही कलंडणार नाही. मूळ कादंबरीच्या लेखकानंही ही सवलत जाणूनबुजून घेतल्याचं सांगितलं आहे. पण ती पहिल्या प्रसंगात घेतली, आणि पुढे बटाटे, पाणी, ऑक्सिजन यांचा हिशेब बऱ्यापैकी चोख ठेवला. माफ.

'ग्रॅव्हिटी' (२०१३) दिसायला अप्रतिम, पण हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकाकडे पाठीवरच्या यंत्रानं जाणं हे मांडवीत होडी सोडून तिलारीच्या धरणात उतरण्यासारखं आहे. हबल सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांच्या कक्षेत फिरते. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आणि जवळपास ५२ अंशांच्या कक्षेत. कक्षेचा कल बदलायला प्रचंड इंधन लागतं.

निर्वात पोकळीत माणूस फुटत नाही. साधारण दहा-पंधरा सेकंद शुद्ध राहते, मग हरपते. ज्या सिनेमात माणूस फुग्यासारखा फुटतो तिथे खुशाल हसा. अंतराळातल्या स्फोटाचा आवाज मात्र आम्ही आता माफ करून टाकला आहे. किती दिवस भांडणार?

'इंटरस्टेलर'मधली टिकटिक म्हणजे पृथ्वीवरचा एकेक दिवस, हे खरं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा की पाण्याच्या ग्रहावरच्या संगीतात दर सव्वा सेकंदानं टिक ऐकू येते आणि प्रत्येक टिक म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस. हिशेब करून बघू. सिनेमात त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. एका तासात ३,६०० सेकंद, सात वर्षांत सुमारे २,५५७ दिवस. म्हणजे एका दिवसाला १.४१ सेकंद हवेत. सव्वा सेकंद धरला तर तासाला जवळपास आठ वर्षं होतात. कल्पना सुंदर, गणित आसपासचं. बाकी तासाला सात वर्षं हा आकडा हवेतला नाही. कृष्णविवर पुरेसं मोठं असेल आणि प्रचंड वेगानं स्वतःभोवती फिरत असेल तर ते गणितात बसतं. सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न होते, ज्यांना २०१७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

कालप्रवासाच्या सिनेमात दरवेळी गोंधळ का होतो?

कारण तीन वेगवेगळे खेळ एकाच नावानं खेळले जातात, आणि आपण एकाचे नियम दुसऱ्याला लावतो.

पहिल्या खेळात भूतकाळ बदलता येत नाही. तुम्ही मागे जाऊन जे कराल ते आधीच झालेलं असतं. 'टर्मिनेटर' (१९८४) या घरातला. इथे 'मग त्यानं असं का नाही केलं?' हा प्रश्नच चुकीचा, कारण त्यानं तसं केलं नाही हे ठरलेलं आहे.

दुसऱ्यात काळ एकच, पण बदलता येतो. 'बॅक टू द फ्युचर'मध्ये (१९८५) फोटोतली भावंडं हळूहळू पुसली जातात, ते यामुळे. आजोबांना लहानपणी मारलं तर आपण जन्मलो कसे, हा प्रसिद्ध पेच याच खेळातला. बहुतेक भोकंही इथेच. चांगला दिग्दर्शक तुम्हाला ती बघायला फुरसत देत नाही.

तिसऱ्यात प्रत्येक बदलाला नवी फांदी फुटते आणि जुनं जग तसंच राहतं. मराठी वाचकाला हे नवं नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले प्राध्यापक गायतोंडे अशा जगात जातात जिथे १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी चुकली आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा घडला. इंग्रजीत ती 'द अ‍ॅडव्हेंचर' नावानं अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आली, तेव्हा घरातल्या कॉलेजातल्या मुलाला विचारून बघा.

सिनेमा सुरू झाल्यावर पहिल्या प्रवासापाशी एवढंच ठरवा: हा कोणता खेळ? शेवटी सिनेमानं स्वतःचाच खेळ मोडला तर दोष त्याचा.

सुरुवात कुठून करावी?

थेट कृष्णविवरापासून नको. एका घरात, एका रात्री घडणाऱ्या गोष्टीपासून करा. 'कोहेरन्स' (२०१३) ८९ मिनिटांचा आहे: जेवायला जमलेली आठ माणसं, वरून जाणारा धूमकेतू, गेलेली वीज. नटांना पूर्ण पटकथा दिलीच नव्हती, रोज ज्याच्या त्याच्या वाट्याच्या सूचना मिळत. त्यामुळे चेहऱ्यावरचा गोंधळ खरा वाटतो. वीज जाण्याचा प्रसंग आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत विज्ञानपट हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' (२०१६) हा एक प्रामाणिक प्रयत्न. कथा कॉलेजातली, त्यामुळे तरुण मंडळींना चालेल. थरारासाठी अभिजित पानसे यांचा 'रेगे' (२०१४) बघा. भीती चालत असेल तर उसाच्या शेतातला 'लपाछपी'. याच कथेवरून पुढे हिंदीत 'छोरी' (२०२१) आला. आधी मराठी बघा.

गोव्यात थिएटरात बघायचा तर काय लक्षात ठेवावं?

बसायला मधली रांग, पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, रांगेच्या मध्यभागी. आवाजाचा तोल साधारण त्याच भागासाठी साधलेला असतो. मागच्या कोपऱ्यातली जागा दुसऱ्या कारणासाठी लोकप्रिय आहे.

रात्रीच्या शेवटच्या खेळाचा हिशेब आधी मांडा. साडेनऊचा खेळ, वीस मिनिटं जाहिराती, १६९ मिनिटांचा सिनेमा, पंधरा मिनिटं मध्यंतर: बाहेर पडायला एकला पाच कमी. तेव्हा ना कदंबची बस असते, ना पायलट (भाड्याची मोटरसायकल). स्वतःची गाडी नसेल तर गोवामाइल्स या टॅक्सीच्या अ‍ॅपवर मिळेल ते भाडं मोजायची तयारी ठेवा, नाहीतर दुपारचा खेळ घ्या. विज्ञानपटाला दुपार चालते. थिएटरात अंधार तेवढाच असतो.

मध्यंतर ही मात्र खरी अडचण. परदेशी सिनेमात ते लिहिलेलंच नसतं, म्हणून इथे ते कुठेही, कधी पाठलागाच्या ऐन मध्यावर कापून घुसवतात. त्याचा राग दिग्दर्शकावर काढू नका.

इफ्फीत थरारपट निवडायचे कसे?

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो, साधारण २० ते २८ नोव्हेंबर या दिवसांत, आणि मध्यंतराशिवाय सिनेमा बघायची ती उत्तम संधी. कॅटलॉगमधला सारांश पहिल्या दोन वाक्यांपुढे वाचू नका. लिहिणारे अनेकदा शेवटाच्या जवळ जाऊन पोचतात. देश आणि लांबी बघा. नव्वद ते एकशेदहा मिनिटांचा कोरियन किंवा स्पॅनिश थरारपट क्वचितच फसतो.

पणजीतल्या जुन्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातलं आयनॉक्स थिएटर आणि पर्वरीचा मॉल, अशा दोन ठिकाणी लागोपाठ सिनेमे घेतलेत तर मध्ये किमान तासभर सोडा. अंतर थोडं, पण पूल एकाच दिशेला अडतो आणि आत जायलाही रांग असते. बुकिंग मिळालं नाही तर बिनबुकिंगच्या रांगेत लवकर उभं राहा. शेवटच्या क्षणी रिकाम्या उरलेल्या खुर्च्या भरतात. सिनेमा सुरू झाल्यावर आत शिरणाऱ्यानं मोबाइलचा टॉर्च लावला तर त्याला जे म्हणायचं ते कोकणीत म्हणावं. लवकर कळतं.

घरी प्रोजेक्टर लावायचा आहे. पावसाळ्यात टिकेल का?

टिकेल, पण त्याला एकट्याला पडून देऊ नका. शंभर इंची पडदा म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद, १२५ सेंटिमीटर उंच. प्रोजेक्टरचं थ्रो गुणोत्तर (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर तो पडद्यापासून साधारण ३.३ मीटरवर हवा, आणि बसणाऱ्यांनी तीन ते चार मीटरवर बसावं. जुन्या घराच्या वसरीत हे बसतं, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये अनेकदा नाही. विकत घेण्याआधी टेप लावा. ऑनलाइन जाहिरातीत '९,००० लुमेन' (उजेडाचं माप) लिहिलेलं असेल आणि त्यापुढे प्रमाणित मोजणीचा 'अ‍ॅन्सी' शब्द नसेल तर तो आकडा सोडून द्या.

ओलाव्यात भिंगावर बुरशी धरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी प्रोजेक्टर चालवा. त्याचीच ऊब त्याला सुकवते. एरवी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला. एसीच्या खोलीतून दमट पडवीत आणलात तर अर्धा तास तसाच ठेवून मग चालू करा, नाहीतर भिंगावर दव धरतं. समुद्राजवळच्या घरांत एचडीएमआयची पिन गंजते; चित्र मध्येच जात असेल तर प्रोजेक्टर उघडण्याआधी वायर बदलून बघा.

वीज गेली की दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. असे दोनचार झटके बसले की त्याचं आयुष्य घटतं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार थोडा वेळ पेलतो. सिनेमा पुरा करायला नव्हे, पंखा चालू ठेवून नीट बंद करायला. एलईडी किंवा लेझरच्या प्रोजेक्टरला ही चिंता कमी.

आणखी एक. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी उजेडाकडे झेपावते. खिडक्या लावून मगच प्रोजेक्टर पेटवा, नाहीतर परग्रहावरचे जीव पडद्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील.

चतुर्थीत वाड्यावर किंवा देवळाच्या प्रांगणात सिनेमा दाखवला तर चालेल?

आपल्या ओटीटी खात्यावरून नाही. ती खाती घरगुती वापरापुरती असतात. चारचौघांत दाखवायचा तर हक्कधारकाचा परवाना लागतो. शिवाय उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, तेव्हा साडेसातला सुरू करा आणि दोन तासांच्या आतला सिनेमा निवडा.

मुलांबरोबर बघायचा असेल तर?

थिएटरातल्या सिनेमांना २०२४ च्या अखेरीपासून 'यूए'मध्ये ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आल्या आहेत. ओटीटीवरची वयोमर्यादा ते मंच स्वतःच ठरवतात, म्हणून तिथला आकडा आणि त्याशेजारची कारणं, दोन्ही वाचा. 'हिंसा' आणि 'भीतिदायक दृश्यं' यांत फरक आहे. दहा वर्षांच्या मुलाला गोळीबार विसरायला होतो, अंधारात उभी असलेली बाई होत नाही.

गोष्ट न फोडता मत कसं द्यावं?

पहिल्या वीस मिनिटांत जे घडतं तेवढंच सांगा. 'शेवटी मोठा ट्विस्ट आहे' हेसुद्धा फोडणंच. मग समोरचा पहिल्या मिनिटापासून प्रत्येकावर संशय घेत बसतो. 'त्या नटाचं काम छोटं आहे पण मस्त' यातूनही तो लवकर मरतो हे कळतं.

२०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन संशोधकांनी लघुकथांवर प्रयोग केला, आणि शेवट आधी ठाऊक असलेल्या वाचकांना कथा सरासरीनं अधिकच आवडल्या. घरच्या ग्रुपवर शेवट फोडणारे याचाच आधार देतात. पण शेवट ऐकायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. तुम्ही नव्हे.

पाचपैकी किती तारे द्यावेत?

तारे दिलेत तरी चालेल, पण त्यावरून समोरच्याला आज रात्री काय करावं हे कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'पहिला अर्धा तास संथ, मग सुटत नाही. आवाज चांगला असेल तरच बघा. रक्त दोनच दृश्यांत. आईबाबांबरोबर चालेल. मध्येच फोन घेतलात तर धागा सुटेल.' पाच वाक्यं, नाव कोणाचंच नाही, आणि निर्णय घेता येतो. कोणत्या पडद्यावर पाहिलात तेही लिहा. मोबाइलवर कदंबात उभ्यानं पाहिलेल्या अंतराळपटाला 'दृश्यं साधीच' म्हणणं हा अन्याय आहे.

शेवट अर्धवट सोडला. हा आळशीपणा नाही का?

कधीकधी असतो. फरक ओळखायची खूण: दोन्ही उत्तरांसाठी आधी पुरावे पेरलेले असतील तर तो मोकळा शेवट. एकाही उत्तराला पुरावा नसेल तर लेखकाला शेवट सुचला नाही. आणि तिसरी शक्यता, पुढचा भाग विकायचा आहे.

नायकाच्या फोनला नेमकी तेव्हाच रेंज का नसते?

डोंगराळ सत्तरी तालुक्यात राहणाऱ्यांनी हा प्रश्न आजवर विचारलेला नाही.

अर्ध्यावर सोडला तर चालतं का?

चालतं. थरारपटाला अर्धा तास द्या, विज्ञानपटाला चाळीस मिनिटं. त्याला जग मांडायला वेळ लागतो. सोडल्यावर 'पाहणं सुरू ठेवा'च्या यादीतून तो काढून टाका, नाहीतर अ‍ॅप तसलेच आणखी दहा सुचवत राहतं. आणि मत देताना 'चाळीस मिनिटं पाहिला' असं लिहा. 'पाहिला' नव्हे.